ओहोटीआधी

अण्णा केळुसकर कोट घालत तेव्हा पुस्तकी मराठी बोलत,
बनियनवर असले की मालवणी.
वेंगुर्ल्यात सगळे त्यांना बटलर म्हणायचे.
ते स्वतः म्हणत, सल्लागार.
कुणाचे, ते कुणी विचारलं नाही.
उजव्या हातात एकच पांढरा मोजा.
डावा एडनला समुद्रात पडला म्हणे,
कधी एडनला, कधी मोंबासाला.

मी आंब्याच्या पेट्या ठोकणाऱ्याचा मुलगा,
काजूच्या कारखान्यात नवा हिशेबनीस.
वालावलकर शेठच्या बंगल्यावरून बोलावणं आलं,
जाड कागदावर, मेस्त्रीचं मिस्त्री करून.
अण्णांनी कागदाचा वास घेतला.
"चूक सुधारू नको. अकरा दिस आसत."

मांडवीच्या काठाला पालथी होडी, तेच टेबल.
तिसऱ्यांची शिंपलं म्हणजे बशा,
सुरमईचा काटा म्हणजे काटा,
माडाच्या हिराची सुरी,
आणि खिशातून, रुमालात गुंडाळलेला
एक चमचा, खऱ्या चांदीचा.
त्याला हात लावू देत नसत.
"ह्यो फकत बघूक."

मीठ मागूचा नाय, मीठ आपसूक येता.
आधी कुत्र्याचं नाव विचारायचं, मग मुलांचं.
पेला असा धरायचा, जसा तो दुसऱ्याचा आहे
(आणि तो दुसऱ्याचोच आसता).
कोण हसलो तर हसूचा, पण येक दात कमी.
तालमीत मी एकदा ढेकर दिला,
तर तीन पावलं मागे सरून
त्यांनी समुद्राची माफी मागितली, कमरेत वाकून.

आणि शेवटच्या संध्याकाळी,
अंगात कोट नसताना, पुस्तकी मराठीत:
"मोठी घरं भरती-ओहोटीवर चालतात.
पाणी चढत असताना आत शिरावं,
उतरायच्या आत निघावं.
नाहीतर चिखल दिसतो.
त्यांचा तर दिसतोच."

कुत्र्याचं नाव कर्नल.
बाईसाहेब खूश झाल्या, पुढच्या खुर्चीवर बसवलं.
पापलेट अख्खं आलं, मी ते अख्खंच सोलून दाखवलं,
शेजारच्या वकिलाला जमेना, तो माझ्याकडे बघत राहिला.
मीठ खरंच आपसूक आलं.
साडेदहाला उठायला हवं होतं.
उठलो नाही. पंखा छान होता.

कुणीतरी विचारलं, हे सगळं शिकलात कुठे हो?
मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेठचे थोरले बंधू
चमच्यांची गोष्ट सांगू लागले.
बाराचा संच, विलायती, आता अकरा.
एक माणूस होता आमच्याकडे,
एका हातात मोजा घालायचा,
दुसरा हात मोकळा ठेवायचा. कळलं ना, कशाला?
टेबल हसलं.
मीही हसलो.
एक दात कमी.

होडीवर कंदील ठेवून अण्णा जागे होते.
"मीठ मागलंस?"
नाही.
"कुत्रो?"
कर्नल.
"म्हणजे तेचो नातू असतलो.
पयल्याचा नाव मिया ठेवलंय."
आणखी काही विचारलं नाही.
खाडीतलं पाणी केव्हाच उतरून गेलं होतं,
उघड्या चिखलात कुर्ल्यांची भोकं,
आणि अण्णा कंदील जरा खाली धरून
माझ्या नव्या बुटांकडे बघत होते.

ते गेले त्या वर्षी आंबा उशिरा लागला.
रुमाल माझ्याकडे आला, गाठीसकट.
चमच्यामागची अक्षरं पार झिजलेली:
त्यांनी घासली, का नंतर माझ्या राखेनं गेली,
का पहिल्यापासून नव्हतीच,
आता कुणालाच सांगता यायचं नाही.
रविवारी मी त्यानंच पेज खातो,
उकड्या तांदळाची, जशी वाढतील तशी.
बायको म्हणते, मीठ हवं असेल तर
माणसानं तोंड उघडून सांगावं.